पत्रे आपल्या दप्तरी असावीत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत राजपत्रे तपासून शुद्ध करण्याचे काम सचिवांकडे असे. अशा भूमीतील आपल्या मंडळाचे दप्तर आज कोठे आहे? वसतिगृहाचे अर्ज, शिष्यवृत्तीची पत्रे, देणगीदारांचे हिशेब, सारे एका जीमेलच्या खात्यात, म्हणजे दूरच्या यंत्रावर आहे. गूगलने २०२३ साली जाहीर केलेल्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते. चिटणीस बदलले, पासवर्ड विस्मरणात गेला, तर मंडळाची स्मृतीच हरपेल.

उपाय साधा आहे. संगणकावर थंडरबर्डसारखा ईमेलचा प्रोग्राम बसवावा. तो विनामूल्य मिळतो. त्यास खाते जोडण्याच्या दोन रीती आहेत. ‘पॉप’ या रीतीने पत्रे संगणकावर उतरतात; मात्र मूळ प्रत खात्यात राहू देण्याची सूचना आधी द्यावी, नाहीतर ती तेथून नाहीशी होऊ शकते. ‘आयमॅप’ या रीतीत खाते व संगणक एकमेकांचे प्रतिबिंब होत; एकीकडे पुसलेले पत्र दुसरीकडेही पुसले जाते. सबब आयमॅप म्हणजे जतन नव्हे. मंडळाने रोजच्या कामास आयमॅप वापरावे व वर्षअखेरीस सर्व पत्रांची नक्कल प्रोग्राममधील स्थानिक फोल्डरमध्ये करून तिची आणखी एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, असे आम्हांस वाटते.

तोरणा-राजगडाच्या पायथ्याशी, वेल्ह्याकडील डोंगरी गावांत, पावसाळ्यात वीज व रेंज जाण्याचा अनुभव आपणां सर्वांस आहेच. लॅपटॉपवर उतरलेली पत्रे अशा वेळीही वाचता येतात. उत्तर लिहून ठेवावे. रेंज येताच ते रवाना करता येते.

दोन सूचना. खाते जोडताना गूगलचेच पान उघडते. पासवर्ड तेथेच द्यावा, अन्य कोणास सांगू नये. आणि सारी पत्रे ज्या संगणकात आहेत, त्यासही कुलूप हवे.

पदभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात. त्याच यादीत यापुढे पत्रांची ही डिस्कही लिहिली जावी, एवढीच आमची विनंती आहे.