अर्धे मैदान
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी परवा सांगितले, ‘दहा मिनिटे काहीही बोला.’ मी काही वक्ती नव्हे. माझी तीस वर्षे मुलींच्या शाळेत ‘पी. टी.च्या बाई’ म्हणून शिट्टी वाजवण्यात गेली. तेव्हा त्या मुलखातलीच एक गोष्ट सांगते आणि शेवटी एक मागणे मागते.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरी जाऊन राहिले होते. तिथे विद्यापीठाच्या आवारात एका बाईचा पुतळा पाहिला. ही कोणी राणी नव्हे की संत नव्हे. मुलींना बास्केटबॉल शिकवणारी बाई! पॅट समिट तिचे नाव. मी स्वतः कॉलेजात हाच खेळ खेळले असल्यामुळे पाय तिथून हलेनात. मग तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

पॅटचा जन्म १९५२ सालचा, शेतकऱ्याच्या घरातला. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. दिवसभर गाई, गवत आणि तंबाखूची शेती. रात्री गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर वडिलांनी जाळी टांगून दिवे लावून दिलेले. तिथे ती भावांबरोबर खेळे. भाऊ तिला बहीण म्हणून सवलत देत नसत. पुढे हायस्कुलात जायची वेळ आली, तर गावच्या शाळेत मुलींचा संघच नाही. वडिलांनी काय करावे? शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेत तिला खेळता यावे म्हणून सारे बिऱ्हाडच हलवले. मुलाच्या शिक्षणासाठी घर बदललेले आपण पुष्कळ पाहतो. मुलीच्या चेंडूसाठी बदललेले कोणी पाहिले आहे का?

आता जरा खेळाचे सांगते. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेत निघाला आणि वर्षभरातच मुलींच्या एका कॉलेजात गेला. पण मुलींना धाप लागेल, त्यांच्या नाजुकपणाला धक्का लागेल, या काळजीने तिथल्या बाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडायचा नाही असा नियम केला. पुढे तीनाचे दोन भाग झाले. सहा मुलींपैकी तिघींनी एका बाजूला गोल करायचे, उरलेल्या तिघींनी दुसऱ्या बाजूला नुसते अडवायचे. मधली रेघ ओलांडायची नाही. टेनेसीच्या शाळांत हीच पद्धत होती आणि पॅटही तीच खेळली. अडवणाऱ्या मुलीला शाळा संपेपर्यंत एकदाही जाळीकडे चेंडू टाकायला मिळू नये, अशी ती रीत.

कॉलेजात भावांना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. पॅटची फी आईवडिलांनी भरली, कारण मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच नव्हती. शेवटच्या वर्षी तिचा गुडघा दुखावला. खेळ संपला असेच सगळ्यांना वाटले. वडिलांनी मात्र डॉक्टरांना बजावले की गुडघा नीट करा, हिला ऑलिंपिकला जायचे आहे.

१९७४ साली ती पुढच्या शिक्षणासाठी नॉक्सव्हिलला आली. तिथे साहाय्यक म्हणून काम करायचे होते. पण मुख्य बाई एकाएकी रजेवर गेल्या आणि बावीस वर्षांची ही मुलगी संघाची प्रमुख झाली. तिच्या काही खेळाडू तिच्याहून वर्षभरानेच लहान! पगार महिना २५० डॉलर. गाडी हीच चालवी, खेळाचे कपडे हीच धुई. आणि ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. आपल्या मंडळाची पहिली सतरंजी चकल्या विकून आली, त्याची मला आठवण झाली. पहिला सामना ती एका गुणाने हरली.

शिकणे, शिकवणे आणि स्वतःचा सराव, तिन्ही एकदम चालू होते. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच आला, आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यानिशी पॅट अमेरिकेच्या संघाची सहकर्णधार होती. रौप्यपदक मिळाले. १९८४ साली ती त्याच संघाची प्रशिक्षिका झाली आणि सुवर्णपदक घेऊन आली. शाळांतल्या त्या मधल्या रेघेविरुद्धही तिने उघडपणे बाजू मांडली. अखेर १९७९ साली टेनेसीच्या शाळांतल्या मुलींना सारे मैदान मोकळे झाले. शाळा-कॉलेजांत मुलींना डावलू नये असा कायदा तिकडे १९७२ सालीच झाला होता. पण कायदा झाला म्हणून रेघा आपोआप पुसल्या जात नाहीत, हे आपल्याला काही कोणी शिकवायला नको.

अडतीस वर्षे तिने एकच विद्यापीठ धरून ठेवले. १०९८ सामने जिंकले, ८ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढे विजयांचा तो आकडा इतरांनी ओलांडला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. तिच्या हाताखाली खेळाची वर्षे पुरी करणारी प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसायचे, तास बुडवायचा नाही, असा तिचा दंडक. ती कडक होती. तिच्या नुसत्या बघण्याला मुली भीत. पण त्या धाकामागे एक विश्वास होता, की या मुलींना झेपेल.

इथेच मला माझे एक सांगायचे आहे. एका वर्षी माझ्या मुलींनी विचारले, “बाई, मुलांचा सराव दोन तास आणि आमचा एकच का?” मी म्हटले, “काळोखाच्या आत घरी पोचायला हवे, आणि तुम्हाला एवढे झेपायचे नाही.” काळोखाचे कारण खरे होते. झेपण्याचे मी मनचेच घातले होते. झेपत नाही असे त्यांतल्या एकीनेही मला कधी सांगितले नव्हते. मुख्याध्यापकांनी नव्हे, कोणा पुरुषाने नव्हे, ती रेघ मीच ओढली होती. त्या पुतळ्यापुढे उभी असताना मला त्या मुलींचे चेहरे आठवले. आज त्या चाळिशीच्या पुढे असतील. दोघी तर याच सभागृहात बसल्या आहेत.

पॅटची अखेर चटका लावणारी आहे. २०११ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तिला विस्मरणाचा आजार जडल्याचे निदान झाले. आपण असे आजार घरात दडवून ठेवतो. तिने ते जगाला सांगितले आणि आणखी एक वर्ष संघाबरोबर उभी राहिली. २०१२ साली तिची जागा घेतली ती तिच्याच एका जुन्या खेळाडूने, जी पुढे कितीतरी वर्षे तिची साहाय्यक होती. २०१६ साली पॅट गेली. तिला स्वतःला जे आठवेनासे झाले, ते तिच्या मुलींच्या अंगात मुरलेले होते. शिकवणाऱ्या बाईची ठेव दुसरी कोणती असणार?

आता माझे मागणे. मंडळाच्या मागच्या अंगणात आपण पाच वर्षांपूर्वी खांब रोवून जाळी लावली. संध्याकाळी आठ-दहा मुली येतात. पण अंगणाच्या अर्ध्या भागात आपल्या पापड-कुरडयांच्या बाजा पडलेल्या असतात. त्यांना धक्का लागू नये म्हणून आपणच खडूने रेघ मारून दिली आहे. उद्योग विभागाच्या भगिनींनी रागावू नये. त्या पापडांवरच मंडळ उभे आहे, हे मी जाणते. पण बाजा गच्चीवर नेता येतील. जिना अवघड आहे, तेव्हा नेण्या-आणण्याचे काम मुलींनी करायचे, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. बुधवारी भजनाच्या वेळी चेंडू बंद राहील, हेही त्यांनी मान्य केले आहे.

रेघ पुसायला ओले फडके मी बरोबर आणले आहे. आपण हो म्हणालात, तर चहापूर्वीच काम उरकून टाकू.