जायफळाचीं बेटें

सणाच्या दिवशीं पुरण तयार होत असतां त्यांत सर्वांत शेवटीं काय पडतें, हें घरोघरच्या गृहिणींना सांगावयास नको. सहाणेवर उगाळलेलें किंवा किसणीवर किसलेलें चिमूटभर जायफळ. श्रीखंडांत तें लागतें, बासुंदींत लागतें. मुलाला झोंप येईना, तर आजीबाई तें दुधांत उगाळून देतात. आणि त्रयोदशगुणी विड्याचे तेरा जिन्नस मोजूं लागलें, तर जायफळ आणि जायपत्री हे दोन जिन्नस एकाच फळाचे निघतात. वैद्यकाचे जुने ग्रंथ त्याला जातीफल म्हणतात. इतक्या पुरातन परिचयाची वस्तु आपल्याच मातींतली असली पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. आज कोंकणांत नारळीच्या बागांतून जायफळाचीं झाडें लावतात, हेंहि खरें. परंतु तीं तेथें अलीकडचीं आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारांत येणारें जायफळ जवळजवळ सगळें एकाच ठिकाणाहून येत असे, आणि त्या ठिकाणच्या माणसांचें पुढें काय झालें, तें मी आज सांगणार आहें.

तें ठिकाण म्हणजे बांदा बेटें. आपल्या सावंतवाडीजवळच्या बांद्याशीं त्यांचा संबंध नाहीं. केवळ नांवाचें साम्य. जावाच्या पूर्वेस फार दूर, सेराम नांवाच्या मोठ्या बेटाच्या दक्षिणेस, तीं समुद्रांत विखुरलेलीं आहेत. त्यांतलें सर्वांत मोठें लोंथोर, पण तेंहि लांबीला सातआठ मैलांहून अधिक नाहीं. त्याच्या समोर नैरा. नैरास खेटून गुनुंग आपी, म्हणजे अग्निपर्वत, आणि तो नांवाप्रमाणेंच जागृत ज्वालामुखी आहे. जरा पश्चिमेस आय आणि रून. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, दमट समुद्री हवा आणि उंच कनारी वृक्षांची सावली यांत जायफळाचें झाड सुखानें वाढतें. फळ पिकलें कीं पिवळें होऊन उकलतें. आंत काळसर बी आणि तिला वेढून बसलेली लालभडक जाळी. ती जाळी वाळली म्हणजे जायपत्री, आणि बीचें कवच फोडून आंतला दाणा काढला म्हणजे जायफळ.

आतां माणसांकडे वळूं. बांद्याला राजा नव्हता. लवंगेसाठीं प्रसिद्ध असलेल्या तर्नाते आणि तिदोर या बेटांवर सुलतान होते. बांद्यावर मात्र गांवोगांवचे मातबर वडीलधारे एकत्र बसून कारभार पाहात. त्यांना ओरांग काया म्हणत. ओरांगउटान या वानराच्या नांवांतला ओरांग शब्द तोच हा. ओरांग म्हणजे माणूस आणि काया म्हणजे श्रीमंत. गांवांचे दोन संघ होते, एक पांचांचा आणि एक नवांचा, आणि दोहोंमध्यें वैर असे. तेव्हां तेथें रामराज्य नांदत होतें, असें मला सुचवावयाचें नाहीं.

परंतु या समाजाची घडण समजून घ्यावयाची, तर त्याच्या चुलीकडे पाहिलें पाहिजे. बेटांवर भात पिकत नसे. तांदूळ येई जावाहून. सागो नांवाच्या ताडाच्या खोडांतून निघणारें पीठ येई सेरामहून. आणि अंगावरचें कापड येई आपल्या गुजराथेंतून आणि कोरोमंडल किनाऱ्याहून, मलाक्काच्या वाटेनें. जायफळ द्यावें आणि हें सारें घ्यावें. बांद्याचे लोक स्वतःचीं गलबतें घेऊन मलाक्कापर्यंत जात, आणि त्यांच्या बंदरांत जावानी, मलायी, गुजराथी, अरब असे नाना देशांचे व्यापारी मोसमी वाऱ्याबरोबर येत. एकाचा भाव पटला नाहीं, तर दुसरा येईल, या भरंवशावर हा समाज जगत होता. व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आला, तोहि त्यांनीं स्वीकारला.

परक्या व्यापारानें ठिकठिकाणचे समाज मोडले, असें आपण सर्रास म्हणतों. बांद्याच्या बाबतींत तें अर्धेंच खरें आहे. परक्या व्यापारानेंच तर हा समाज घडला होता. पोर्तुगीजांनीं इ. स. १५११ मध्यें मलाक्का घेतलें आणि पुढच्याच सालीं त्यांचीं जहाजें बांद्यास पोहोंचलीं, तरी बांद्याची घडी मोडली नाहीं. पोर्तुगीजांना तेथें पाय रोवतां आले नाहींत. तेहि अनेक गिऱ्हाइकांपैकीं एक गिऱ्हाईक होऊन राहिले. मोडतोड झाली ती निराळ्या कारणानें. पुढें असें एक गिऱ्हाईक आलें, कीं ज्याला दुसरें कोणतेंहि गिऱ्हाईक नको होतें.

हें गिऱ्हाईक म्हणजे इ. स. १६०२ मध्यें स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. आपल्या वेंगुर्ल्यासहि सतराव्या शतकांत तिची वखार होती. तिची पडकी इमारत पाहिलेले लोक आपल्यांत असतील. कंपनी निघाली त्याच सालीं डचांनीं कांहीं ओरांग कायांकडून एक करारनामा करून घेतला. यापुढें सर्व जायफळ आणि जायपत्री ठरीव भावानें केवळ डचांसच विकावयाची. सर्वांनीं त्याला संमति दिली नव्हती, आणि ज्यांनीं दिली त्यांनीं तिचा अर्थ काय घेतला असेल, तें आपण कल्पनेनेंच जाणावें. आलेल्या पाहुण्याला जायफळ विकण्याचें वचन देणें त्यांच्या व्यवहारांत बसण्यासारखें होतें. जावाच्या गलबताला बंदरांतून परत लावून देणें कसें बसावें? तें गलबत तांदूळ घेऊन येत होतें.

आणि डच काय आणीत होते? प्रारंभीं लोंकरीचें जाड कापड आणि असाच कांहीं माल, जो विषुववृत्ताजवळच्या माणसाला फुकट दिला तरी ओझें व्हावें. मसाला हवा असेल तर हिंदुस्थानचें सुती कापड दिलें पाहिजे, हें कंपनीच्या लवकरच ध्यानांत आलें, आणि याच कारणासाठीं तिनें १६०५ सालीं मछलीपट्टणास बस्तान बसविलें, पुढें सुरतेसहि. आपल्या विणकरांचा माग या कहाणींत असा गोंवला गेला. तरीहि कंपनीचा तांदूळ पुरत नसे आणि तिचा भाव परवडत नसे. बेटांवरचे लोक मग रात्रीं-अपरात्रीं इतरांना माल विकीत. डच त्याला करारभंग म्हणत. बेटांवर त्याला पोट भरणें म्हणत असावेत.

इ. स. १६०९ मध्यें व्हरहूव्हन नांवाचा डच नौसेनापति मोठें आरमार घेऊन आला आणि नैरावर पोर्तुगीजांनीं अर्धवट टाकलेल्या पायावर किल्ला बांधूं लागला. वाटाघाटीसाठीं म्हणून बोलावून बांद्याच्या लोकांनीं त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ठार केलें. हा विश्वासघात होता, आणि तो तसाच म्हटला पाहिजे. त्या आरमारांत यान पीटरझून कून नांवाचा एक तरुण दुय्यम व्यापारी होता. तो वांचला, आणि ती गोष्ट त्यानें मनांत धरून ठेवली. पांच वर्षांनीं त्यानें हॉलंडमधील आपल्या संचालकांना लिहून कळविलें कीं, लढाईवांचून व्यापार चालावयाचा नाहीं आणि व्यापारावांचून लढाई चालावयाची नाहीं. संचालकांना हा हिशेब समजला.

इकडे बांद्याच्या वडीलधाऱ्यांनीं आपल्या जुन्या रीतीनेंच उपाय शोधला: दुसरें गिऱ्हाईक पहावें. असें गिऱ्हाईक जवळच होतें. इंग्रज कंपनीचा नॅथॅनिएल कोर्टहोप हा १६१६ च्या अखेरीस रूनवर येऊन उतरला. लोकांनीं तें बेट इंग्लंडच्या राजाच्या स्वाधीन केल्याचें लिहून दिलें, आणि मूठभर माणसांनिशीं त्यानें सुमारें चार वर्षें तें धरून ठेवलें. १६२० मध्यें तो मारला गेला. इंग्रजी ग्रंथांतून या शौर्याचें वर्णन पुष्कळ आढळतें. त्याच्या भोंवतीं उपाशी बसलेल्या रूनच्या लोकांचें फारसें आढळत नाहीं.

१६२१ च्या आरंभीं कून स्वतः आला. आतां तो गव्हर्नर-जनरल होता. बरोबर दीड हजारांवर सैनिक होते आणि भाडोत्री जपानी योद्धे होते. लोंथोर फार दिवस टिकलें नाहीं. लोकांनीं शस्त्रें टाकावीं, तटबंदी पाडावी, मुलें ओलीस द्यावीं, अशा अटी झाल्या. त्या नीट पाळल्या नाहींत, कट शिजत आहे, असा आरोप आला. यातना देऊन कबुलीजबाब घेण्यांत आले. ८ मे १६२१ रोजीं नैराच्या किल्ल्याबाहेर बांबूंच्या कुंपणांत ४४ ओरांग काया आणून उभे केले, आणि जपानी योद्ध्यांनीं त्यांचा शिरच्छेद केला. तें पाहणाऱ्या एका डच अधिकाऱ्यानेंच तें कृत्य आपणांस रुचलें नाहीं, असें लिहून ठेवलें आहे.

पुढचें थोडक्यांत सांगतों. उरलेले लोक डोंगरांत गेले; तेथें भूक आणि रोग यांनीं त्यांना गांठलें; कित्येकांनीं कड्यांवरून उड्या टाकल्या. सुमारें आठशें माणसें, बायकामुलांसह, बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, नेण्यांत आलीं. या स्वारीपूर्वीं बेटांवर सुमारें पंधरा हजार वस्ती असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नंतर तेथें हजारभर उरली. संचालकांनीं कूनला सौम्य शब्दांत समज दिली आणि बक्षीसहि दिलें. हूर्न या त्याच्या जन्मगांवीं १८९३ सालीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला. २०११ सालीं एका यारीचा धक्का लागून तो खालीं पडला, तेव्हां तो पुन्हां बसवावा कीं नाहीं, यावर तेथें मोठा वाद झाला. पुतळा पुन्हां बसविला; मात्र त्याखालच्या पाटीवर आतां बांद्याचा उल्लेख आहे.

जमीन मोकळी झाली, झाडें तशींच उभीं होतीं. फळ काढणार कोण? कंपनीनें लोंथोर, आय आणि नैरा यांवरील बागांचे ६८ वाटे पाडले आणि ते आपल्या निवृत्त नोकरांना वगैरे दिले. राबावयास गुलाम आणले. ते कोठले? आसपासच्या बेटांचे होते, जावाचे होते. तसेच गुजराथचे, मलबारचे आणि कोरोमंडलचेहि होते. ज्या किनाऱ्यांवरून बांद्यास कापड जात असे, त्याच किनाऱ्यांवरून आतां माणसें गेलीं. १६३८ च्या गणतींत बेटांवर सुमारें ३,८०० माणसें भरलीं, त्यांत मूळ बांद्याचीं अवघीं ५६०. बागाइतीचें शास्त्र नव्या मंडळींना येत नसल्यामुळें बटाव्हियास नेलेल्यांपैकीं कांहींजणांना परत आणून शिक्षक नेमावें लागलें. स्वतःच्या बापाच्या बागेंत परक्याच्या गुलामाला जायफळ केव्हां तोडावें तें शिकविणाऱ्या त्या माणसाचें चित्र माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

या नव्या बागाइतदारांची स्थिति पाहिली, तर आणखी एक मौज दिसते. मौज म्हणावें कीं नाहीं, तें आपण ठरवावें. त्यांनाहि जायफळ एका कंपनीसच विकावयाचें होतें, तिच्याच भावानें. तांदूळ तिच्याकडूनच घ्यावयाचा, गुलामहि तिच्याकडूनच. कित्येक बागाइतदार तिच्या कर्जांत बुडाले आणि चोरून माल विकूं लागले. म्हणजे जो गुन्हा केला म्हणून ओरांग कायांचा संहार झाला, तोच गुन्हा डच बागाइतदार करूं लागले.

मक्ता टिकविण्यासाठीं काय काय करावें लागलें, त्याची यादी मोठी आहे. बी कोणी रुजवूं नये म्हणून जायफळ चुन्यांत बुडवून विकीत. ॲमस्टरडॅममध्यें भाव पडूं लागला, तर सांठा जाळीत. रूनवरचीं झाडें, इंग्रजांस उपयोगीं पडूं नयेत म्हणून, तोडून टाकलीं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहांत ज्याच्या ताब्यांत जें आहे तें त्याचें, असें ठरलें. त्यामुळें रून डचांकडे राहिलें आणि इंग्रजांनीं तीन वर्षांपूर्वीं घेतलेलें मॅनहॅटन इंग्रजांकडे. तेथें आज न्यूयॉर्क उभें आहे. परंतु झाडाला तह समजत नाहीं. १७७० च्या सुमारास फ्रेंचांनीं रोपें मॉरिशसला पळविलीं. नेपोलियनच्या युद्धांच्या काळांत बांदा इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां रोपें पेनांग आणि सिंहलद्वीप येथें गेलीं, आणि पुढें वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाला. आतां तर ग्रेनाडाच्या ध्वजावरच जायफळ आहे. कंपनी १७९९ सालीं बुडाली. डच ईस्ट इंडीजमधील गुलामगिरी बंद झाली ती १८६० सालीं.

बांदा मग जगाच्या विस्मृतींत गेला. इतका, कीं डच सरकारनें १९३६ सालीं महंमद हट्टा आणि सुतान शहरीर या दोघां देशभक्तांना हद्दपार करून ठेवण्यासाठीं नैरा निवडलें. तेथें त्यांनीं सहा वर्षें गांवच्या मुलांना शिकविलें. हट्टा पुढें स्वतंत्र इंडोनेशियाचे उपाध्यक्ष झाले; बांद्याच्या एका बेटास आज त्यांचें नांव आहे.

आज बांद्यावर राहणारे लोक मलायीचें एक स्थानिक रूप बोलतात. ते बहुतेक त्या गुलामांचे, बागाइतदारांचे आणि नंतर येऊन राहिलेल्यांचे वंशज होत. बांद्याची मूळ भाषा बांद्यावर ऐकूं येत नाहीं. परंतु ती मेलेली नाहीं. १६२१ मध्यें कांहीं कुटुंबें रात्रींच्या वेळीं होड्यांत बसून आग्नेयेस निघालीं आणि केई नांवाच्या बेटांस लागलीं. तेथें त्यांनीं दोन गांवें वसविलीं, बांदा एली आणि बांदा एलात. त्या गांवांतून ती भाषा अजून बोलली जाते, आणि बांद्याहून निघालेल्या त्या प्रवासाचीं गाणीं तेथील लोक अजून गातात.