तंजावूरच्या पाळण्यातील नावे

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भिंतीवर एक प्रदीर्घ शिलालेख आहे. मंदिर चोळ राजांचे, अकराव्या शतकाच्या आरंभीचे. लेख मात्र मराठी भाषेतला आणि देवनागरी लिपीतला. सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, 1803 साली, भोसले वंशाचा इतिहास या दगडांवर कोरण्यात आला. तो वाचू लागलेल्या मनुष्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. राजे बदलतात, लढाया बदलतात, परंतु नावे तीच ती परत येतात. शहाजी, एकोजी, सरफोजी, तुळजाजी ही जणू एकाच घराच्या पाळण्यात पुनःपुन्हा निजलेली बाळे आहेत. या नावांचा मागोवा घेत गेले म्हणजे मूल जन्मले की त्याचे नाव ठेवताना माणसे खरोखर काय ठेवतात, या प्रश्नाचे उत्तर हाती लागते.

नाव कसे असावे याविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ विचार केलेला आहे. पारस्कराच्या गृह्यसूत्राप्रमाणे मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याच्या आरंभी घोष वर्ण असावा आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ यावा. मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. पुढे धर्मसिंधूसारख्या ग्रंथांनी कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहारासाठी अशी नावाची चार अंगे सांगितली. परंतु ही कसोटी तंजावूरच्या राजांना लावून पाहावी, तर बहुतेक सारे नापास होतात! शहाजी हे नाव तीन अक्षरांचे आणि त्याच्या आरंभीचा श अघोष. सरफोजी, तुळजाजी, शिवाजी यांची गत फारशी निराळी नाही. शास्त्राला बाजूस सारील असे काहीतरी बळकट कारण या नामकरणामागे होते, हे उघड आहे.

ते कारण शोधण्यासाठी कावेरीचा तीर सोडून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जावे लागते. मालोजीराजे भोसले व उमाबाई यांना पुष्कळ दिवस संतान नव्हते. तेथील शाह शरीफ या पीराला नवस केल्यावर त्यांना दोन पुत्र झाले, आणि कृतज्ञतेने त्यांनी थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरागत हकीकत आहे. एकाच साधूच्या नावाचे दोन भाग दोन भावांनी वाटून घेतले. शहाजी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील. शरीफजी 1624 साली भातवडीच्या रणात पडले.

शहाजीराजांचे तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी 1670 नंतरच्या दशकात तंजावूरचे राज्य मिळविले. आता त्यांच्या मुलांची नावे पाहावीत. थोरला शहाजी, दुसरा सरफोजी, तिसरा तुकोजी ऊर्फ तुळजाजी. पहिली दोन नावे मालोजीराजांच्या पाळण्यातली, आणि त्याच क्रमाने! तिसऱ्या नावात तुळजापूरची कुलस्वामिनी आहे. शिवाय तुकोजी या रूपात आजी तुकाबाईंचाही प्रतिध्वनी ऐकू यावा. परक्या मुलखात, परक्या भाषेच्या माणसांत नवे राज्य मांडणाऱ्या या पुरुषाने आपल्या तीन मुलांच्या नावांत आपले घर, आपला नवस आणि आपली देवी बांधून घेतली होती.

हा परिपाठ पुढेही चालला. पहिल्या एकोजींचे नाव तुकोजींच्या मुलाला मिळाले. तो दुसरा एकोजी. तुकोजींचे तुळजाजी हे नाव प्रतापसिंहांच्या मुलाला मिळाले. तो दुसरा तुळजाजी. म्हणजे आजोबांचे नाव नातवाला, हा नियम. यात मौज अशी की, मराठी मंडळींनी बरोबर आणलेली ही चाल तमिळ देशात आधीच नांदत होती. तमिळ भाषेत नावाला ‘पेर्’ म्हणतात आणि नातवाला ‘पेरन्’ म्हणतात. नातू म्हणजे नाव चालविणारा, हा अर्थ त्या शब्दातच मुरलेला आहे. दोन भाषांचे लोक शेजारी राहू लागले की भेद चटकन दिसतात. परंतु पाळण्यापाशी त्यांना एकमेकांची ओळख पटली असली पाहिजे.

आजोबांचे नाव नातवाला ठेवले की घरात एक अडचण उभी राहते. सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही, मग मुलाला हाक कशी मारावी? यातूनच मराठी घरांत बाळासाहेब, आबा, अप्पा, बापू अशी दुसरी नावे रूढ झाली. दुसऱ्या एकोजींना इतिहासात बावासाहेब असेही म्हणतात, त्याचे मूळ बहुधा अशाच संकोचात असावे. मूळ नाव गादीसाठी आणि दुसरे नाव ओसरीसाठी, अशी ही वाटणी होती.

राजघराण्यातील काही नावे मात्र आजोबांकडून आली नाहीत. 1739 ते 1763 पर्यंत राज्य करणारे प्रतापसिंह आणि त्यांचे पुत्र अमरसिंह ही नावे ऐकताच मेवाडची आठवण होते. महाराणा प्रतापांच्या पुत्राचे नाव अमरसिंह होते. भोसले कुळ आपला संबंध चितोडच्या सिसोदियांशी जोडीत असे; तेव्हा पितापुत्रांची ही जोडी योगायोगाने जुळली असेल असे वाटत नाही. जे नाते वंशवेलीत सांगावे लागते, ते नावात न सांगताच कळते.

आता शरीफजींच्या नावाचा पुढला प्रवास पाहावा. मराठीत शरीफजीचे सरफोजी झाले. तमिळ लिपीत प, फ, ब, भ यांना एकच अक्षर आहे. त्या अक्षराने लिहिलेले हे नाव तमिळ माणसाने ‘सरबोजी’ असे वाचले आणि संस्कृत पंडितांनी त्याला ‘शरभोजी’ असा शुद्ध पेहराव चढविला. शरभ म्हणजे नरसिंहाचा उग्र आवेश शमविण्यासाठी शंकराने घेतलेले अद्भुत रूप. कुंभकोणम्‌जवळच्या त्रिभुवनम् येथील मंदिरात शरभाचे प्रसिद्ध स्थान आहे. म्हणजे त्या प्रांताला हे दैवत परिचयाचे होते. मग शरभोजीचा शरभेंद्र होण्यास कितीसा उशीर! 1798 ते 1832 या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजींवर रचलेल्या तमिळ नाट्यकाव्याचे नाव ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ असे आहे. त्यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेले तमिळ वैद्यकग्रंथ शरभेंद्रांच्याच नावाने ओळखले जातात. समुद्रकाठी, जेथे त्यांनी मनोरा उभारला, त्या गावाचे नावही शरभेंद्रराजपट्टिणम् असेच आहे.

अहमदनगरच्या दर्ग्यातून निघालेला एक शब्द असा तमिळ देशातल्या शिवमंदिरात जाऊन पोहोचला. यातला खरा अर्थ कोणता, असे कोणी विचारील. व्युत्पत्ती शरीफकडे बोट दाखवील, तर ज्या प्रजेने ते नाव आदराने घेतले ती शरभाकडे. परंतु एका अर्थाने दुसऱ्याला खोटे ठरविण्याचे कारण नाही. आईबाप नाव देतात, तेव्हा त्यात ते आपले ऋण ठेवतात. लोक ते नाव स्वीकारतात, तेव्हा त्यात ते आपली भक्ती घालतात. मात्र दुसरा अर्थ मिळाला म्हणून पहिला पुसून टाकणे हा कृतघ्नपणा होईल. संकटात ज्याच्या दारी पदर पसरला, त्याचे नाव भोसल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लपविले नाही, हे विसरता येत नाही.

पुरुषांच्या नावांची ही कथा; स्त्रियांच्या नावांची कथा याहून करुण आहे. एकोजींची राणी दीपाबाई ही संस्कृतात दीपांबा झाली. राणी यमुनाबाई ही तमिळ मुखात यमुनांबाळ झाली आणि नीडामंगलम् येथील अन्नछत्राला तिचे नाव मिळाले. बाई म्हणजे केवळ स्त्री. अंबाळ म्हणजे देवी. एवढी बढती देणारी भाषा उदारच म्हटली पाहिजे. सरफोजींची प्रिया मुक्तांबाळ हिला विवाहित राणीचा मान नव्हता. तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडू येथे तिच्या नावाने उभारलेल्या छत्रात वाटसरूंना अन्न आणि मुलांना विद्या मिळू लागली. वंशवेलीत जिला जागा मिळाली नसती, तिचे नाव भुकेल्यांच्या आशीर्वादात राहिले.

शेवटचे राजे शिवाजी 1855 मध्ये औरस पुत्र नसताना निवर्तले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. त्यांची थोरली राणी कामाक्षीबाई. कामाक्षी ही कांचीची देवी. तिची सुवर्णमूर्ती कांचीहून येऊन तंजावुरात स्थिरावलेली. तमिळ देशाची देवी आणि मराठी घराची ‘बाई’ या एका नावात किती सहज एकत्र नांदतात! या राणीने कंपनीशी न्यायालयात झुंज घेतली. 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल विरुद्ध दिला. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला प्रसिद्ध आहे, परंतु तेथे तिचे नाव ‘कामाची बॉय साहबा’ अशा अर्थाच्या इंग्रजी अक्षरांत पडले आहे. राज्य तर गेलेच. लेखनिकाच्या कानाने नावही धड राहू दिले नाही.

1880 साली तंजावूरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना दिली. सयाजीराव हेही मूळचे गोपाळराव. 1875 मध्ये दत्तविधानाने त्यांचे नाव बदलले होते. लग्नात लक्ष्मीबाईचे नाव चिमणाबाई झाले. 1885 साली ती अल्पवयात वारली. पुढे महाराजांचा दुसरा विवाह गजराबाईशी झाला, तेव्हा तिचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले. नव्या वधूचे नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहितात. तांदळावरचे अक्षर हाताच्या एका फटकाऱ्याने मोडते. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नावही तितक्याच सहजतेने मोडत असे. पुरुषाला आजोबांचे नाव चालविण्याचा अधिकार आणि स्त्रीला आपले स्वतःचेही नाव राखण्याचा अधिकार नाही, ही त्या व्यवस्थेतील विषमता कितीही शोभेच्या विधीने झाकली तरी झाकत नाही.

राजवाड्याबाहेरच्या मराठी कुटुंबांनी आपापली वाट काढली. तमिळ रिवाजाप्रमाणे त्यांनी आडनाव मागे टाकले. गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे आले, आणि मराठीपणाची खूण म्हणून शेवटचा ‘राव’ तेवढा उरला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणम्‌चे. त्यांच्या नावापुढचा ‘टी’ म्हणजे तंजावूर. एका अक्षरात गाव आणि एका प्रत्ययात भाषा, एवढे सामान घेऊन हा मनुष्य हिंदुस्थानभर फिरला.

आज तंजावूरची मराठी कुटुंबे चेन्नई, बंगळूर आणि त्याहून दूरच्या शहरांत पांगलेली आहेत. घरात बोलली जाणारी जुन्या वळणाची मराठी पुष्कळ ठिकाणी आजीपाशी थांबते. अशा घरी मूल जन्मले की आईबाप सुटसुटीत, गोड आणि चांगल्या अर्थाचे नाव शोधतात. त्यात वावगे काही नाही. परंतु नावाचा अर्थ कोशात सापडतो. ते नाव आपल्या घरी कोठून आले, हे मात्र कोश सांगत नाही. ते पाळण्याशेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या माणसालाच ठाऊक असते, आणि विचारले नाही तर ते त्याच्याबरोबरच जाते. सरफोजींनी आपल्या घराची नावे दगडावर कोरून ठेवली. ज्यांच्यापाशी मंदिराची भिंत नाही, त्यांनी निदान बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगताना भोवतालच्या मुलांना त्या नावाची गोष्टही सांगावी. बाळाला ती समजणार नाही; पण ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ती पुढे त्याला सांगेल.