राजेश्वर दयाल यांचा काँगो अहवाल



परराष्ट्र खात्याची निवेदनं आपण सगळेच वर्तमानपत्रात वाचतो. ‘तीव्र चिंता’, ‘सर्व संबंधितांनी संयम पाळावा’, ‘घडामोडींवर बारकाईनं लक्ष आहे’. देशाचं नाव तेवढं बदला, हाच मजकूर कुठल्याही युद्धाला बसतो. त्याची टवाळी करायला मी इथे उभा नाही. दूतावासात आपली माणसं अडकलेली असतात, तेल यायचं असतं. जपून बोलावंच लागतं. पण आज मला बोलायचंय ते जपून बोलण्याचीच तालीम मिळालेल्या एका भारतीय माणसाविषयी. एका अहवालात तो नेमकं आणि नावानिशी बोलला, आणि सात महिन्यांच्या आत त्याला आपलं पद सोडावं लागलं.

राजेश्वर दयाल. आय.सी.एस. अधिकारी, संयुक्त राष्ट्रांत भारताचे कायम प्रतिनिधी राहिलेले, युगोस्लाव्हियात राजदूत, नंतर पाकिस्तानात उच्चायुक्त. १९५८ साली संयुक्त राष्ट्रांनी लेबनॉनमध्ये एक निरीक्षक गट पाठवला, त्यातल्या तिघांपैकी ते एक होते. सीरियाकडून हत्यारबंद माणसं लोंढ्यानं घुसताहेत, अशी लेबनॉनचे अध्यक्ष शामून यांची तक्रार होती. गटानं पाहिलं आणि लिहिलं की मोठ्या घुसखोरीचा पुरावा सापडत नाही, लढणारे बहुतेक लेबनॉनचेच आहेत. शामून चिडले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी मात्र दयाल यांना लक्षात ठेवलं असावं.

आता काँगो. ३० जून १९६० रोजी बेल्जियमची ही अवाढव्य वसाहत स्वतंत्र झाली. आठवड्याच्या आत सैन्यानं बंड केलं, कारण अधिकारी सगळे गोरेच राहिले होते. बेल्जियमनं आपल्या लोकांच्या रक्षणासाठी म्हणून फौज उतरवली. ११ जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत मोईज त्शोम्बे यांनी फोडून वेगळा काढला. राष्ट्राध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान लुमुम्बा यांनी संयुक्त राष्ट्रांना तार केली. १४ जुलैला सुरक्षा परिषदेचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहिले शांतिसैनिक उतरलेसुद्धा. आजच्या गतीच्या मानानं हे अविश्वसनीय वाटतं. पण घाईत केलेल्या त्या ठरावात एक गोष्ट मोघम राहून गेली: ही फौज नेमकी कोणाविरुद्ध, आणि बंदूक कधी उचलायची?

५ सप्टेंबरला कासावुबूंनी रेडिओवरून लुमुम्बांना बडतर्फ केलं; लुमुम्बांनी रेडिओवरूनच कासावुबूंना. संयुक्त राष्ट्रांचे तिथले तात्पुरते प्रमुख, अमेरिकन अँड्र्यू कॉर्डियर यांनी विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केलं. कागदोपत्री हा निर्णय दोघांनाही सारखा लागू होता. पण कासावुबूंना नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलचा रेडिओ मोकळा होता, लुमुम्बांना नव्हता. तटस्थपणा कसा झुकतो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. नेमक्या त्या दिवसांत दयाल लिओपोल्डविलला, म्हणजे आजच्या किन्शासाला, सरचिटणीसांचे विशेष प्रतिनिधी म्हणून रुजू झाले. १४ सप्टेंबरला कर्नल मोबुटू यांनी सत्ता हातात घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे लुमुम्बांची प्रतिमा निव्वळ हुतात्म्याची आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्याच सरकारच्या सैन्यानं दक्षिण कसाईत बलुबा लोकांची कत्तल केली. हॅमरशोल्ड यांनी सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेला सांगितलं की या प्रकाराला वंशसंहाराच्या गुन्ह्याची लक्षणं आहेत. कायदेशीर पंतप्रधान कोण याचा वाद चालू असताना, त्या पंतप्रधानाच्या सैन्याबद्दल सरचिटणीस हे बोलले. पुढे त्याच भागात निर्वासितांचे तांडे भुकेनं मरू लागले, आणि धान्य पोचवण्याचं काम संयुक्त राष्ट्रांनाच करावं लागलं. पाऊस चुकल्यामुळे ती उपासमार आलेली नव्हती. माणसांनी माणसांना हुसकून लावल्यामुळे ती आली होती.

आणि मग दयाल यांचा अहवाल, २ नोव्हेंबर १९६०. त्यात दोन गोष्टी ठसठशीत होत्या. पहिली, देशातल्या बेबंदशाहीचं मुख्य कारण मोबुटूंचं सैन्य आहे. दुसरी, सप्टेंबरपासून बेल्जियन लोक मोठ्या संख्येनं परतताहेत, मंत्रालयांत सल्लागार म्हणून बसताहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामात अडथळा आणताहेत. उपाय म्हणून दयाल यांनी उरलेल्या दोन घटनात्मक आधारांकडे बोट दाखवलं: राष्ट्राध्यक्षपद आणि संसद. संसद पुन्हा भरवा, असा त्याचा अर्थ. संसद भरली असती तर लुमुम्बा परत येण्याची शक्यता होती, आणि वॉशिंग्टनला नेमकं तेच नको होतं. बेल्जियमच्या सद्‌हेतूंवर आपला विश्वास आहे, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जाहीर करून टाकलं. ब्रसेल्समध्ये संताप उसळला. दयाल ताठ आहेत, नेहरूंचे हस्तक आहेत, असा सूर पाश्चात्त्य वर्तुळात निघू लागला. गंमत अशी, की दुसऱ्या बाजूला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह हेच संयुक्त राष्ट्र पाश्चात्त्यांचं बटीक आहे म्हणत होते. त्यांनी सरचिटणीसपद मोडून त्या जागी तिघांचं मंडळ आणा अशी मागणी केली होती. ३ ऑक्टोबरला हॅमरशोल्ड यांनी त्याला आमसभेत उत्तर दिलं: राजीनामा देणं सोपं आहे, पण या संघटनेची गरज मोठ्या सत्तांना नाही, इतरांना आहे, आणि त्यांना हवं असेल तोवर मी जागा सोडणार नाही. सभागृह बराच वेळ टाळ्या वाजवत राहिलं.

पण टाळ्यांनी आणि अहवालानं लुमुम्बा वाचले नाहीत. त्यांच्या घराभोवती दोन कडी होती. आतलं शांतिसैनिकांचं, त्यांना वाचवायला. बाहेरचं मोबुटूंच्या सैनिकांचं, त्यांना पकडायला. अटकेचं वॉरंट आलं तेव्हा दयाल यांनी ते मानलं नाही. याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मात्र नियम असा होता की संरक्षण त्या घरापुरतं. २७ नोव्हेंबरच्या रात्री लुमुम्बा आपल्या समर्थकांच्या प्रदेशाकडे निसटले, आणि त्या क्षणी संयुक्त राष्ट्रांच्या लेखी त्यांची जबाबदारी संपली. शांतिसैनिकांनी पाठलाग करणाऱ्यांना मदत करायची नव्हती आणि अडवायचंही नव्हतं. चार-पाच दिवसांत ते पकडले गेले. १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांना दोन सहकाऱ्यांसह विमानानं कटांगात नेलं. एलिझाबेथविलच्या विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या स्वीडिश शांतिसैनिकांनी त्यांना मारहाण होताना पाहिलं. त्याच रात्री त्यांना गोळ्या घातल्या.

माझ्या मते दयाल यांची खरी शोकांतिका इथे आहे. पद जाण्यात नाही. ज्या सैन्याला त्यांनी कागदावर दोषी ठरवलं, त्याच सैन्याला वाटेत रोखण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आदेशाच्या चौकटीत राहून त्यांना आणखी काही करता आलं असतं का? मला वाटतं, थोडं आलं असतं. ‘अंतर्गत वादात पडायचं नाही’ या कलमाचा अर्थ त्यांनी आणि हॅमरशोल्ड यांनी त्या आठवड्यात फार काटेकोर लावला. कॉर्डियर यांनी सप्टेंबरमध्ये तो तितका काटेकोर लावला नव्हता.

मृत्यूची बातमी १३ फेब्रुवारीला फुटली. दोन दिवसांनी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन बोलत असताना प्रेक्षकसज्जात दंगा झाला. २१ फेब्रुवारीला सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या तिघांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: यादवी टाळण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळ वापरता येईल. त्यानंतर भारतानं आख्खी ब्रिगेड पाठवली. दयाल मात्र मार्चमध्ये सल्लामसलतीसाठी न्यूयॉर्कला बोलावले गेले आणि मेमध्ये त्यांनी पद सोडलं. कासावुबूंनी त्यांना परत बोलवा म्हणून जानेवारीतच मागणी केली होती. सप्टेंबरमध्ये हॅमरशोल्ड यांचं विमान न्दोलाजवळ कोसळलं. बेल्जियमनं लुमुम्बांच्या हत्येतल्या आपल्या वाट्याबद्दल अधिकृत माफी मागितली, ती २००२ साली.

आता आपल्या घरच्या बाजूला येतो. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया लढताना पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच महिन्यात, १८ तारखेला, भारतीय सैन्य पोर्तुगीज गोव्यात शिरल्यावर गोव्याचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे आला. भारताच्या वतीनं चंद्रशेखर झा बोलले. तेही आय.सी.एस. अधिकारी होते. भारतातल्या वसाहतवादाचा हा शेवटचा अवशेष आहे, आपल्याच भूमीवर आक्रमण होऊ शकत नाही. सनद असो नसो, परिषद असो नसो, या भूमिकेवरून भारत हटणार नाही, अशा आशयाचं ते भाषण होतं. स्टीव्हन्सन म्हणाले की या संघटनेच्या शेवटाची ही सुरुवात ठरू शकते. युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या या पाश्चात्त्य ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार. विरोध करणारे कोण? सोव्हिएत संघ, ज्याच्या नकाराधिकारानं ठराव पडला. आणि सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक. फेब्रुवारीत काँगोचा ठराव मांडणारे तेच तिघे.

गोव्याच्या मुक्तीबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पोर्तुगालचा साडेचारशे वर्षांचा ताबा आणि तिथला हुकूमशहा सालाझार याचा हटवादीपणा पाहता दुसरी वाट उरली नव्हती. तरी झा यांचं निवेदन दयाल यांच्या अहवालाशेजारी ठेवून वाचा. झा तिथे भारताची वकिली करत होते, आणि आपली बाजू त्यांनी उत्तम मांडली. सनदेच्या दुसऱ्या कलमात बळाच्या वापरावर जी बंदी आहे, तिचं काय, हा स्टीव्हन्सन यांचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला नाही, पलीकडे ढकलला. दयाल त्या दिवशी त्यांच्या जागी असते तर त्यांनीही तेच भाषण केलं असतं, याबद्दल मला खात्री आहे.