गोवराचं कूळ

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या गोवंडीत गोवर पसरला, लेकरं दगावली. गटातल्या बाया विचारतात, ‘ताई, पुरळ तर दिसतंय, मग घशातला नमुना कशाला?’

रक्तातून गोवर आहे एवढं कळतं. घशातल्या नाहीतर लघवीच्या नमुन्यात विषाणू सापडला, तर प्रयोगशाळेत त्याच्या एका जनुकाची ४५० अक्षरं वाचतात. त्यावरून त्याचं कूळ कळतं. बी३, डी८ अशी नावं आहेत, आपल्या सोयरिकीसारखी नाहीत! दोन वस्त्यांतली साथ एकाच साखळीतली की बाहेरून आलेली, याचा माग लागतो. म्हणून पुरळ नवं असतानाच नमुना द्या.

कूळ कुठलंही असो, लस तीच चालते. पहिली नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना दिलेला जादा डोस त्यात धरायचा नाही. तो दिला असला, तरी पुढचे दोन्ही घ्यायचेच.