अनवाणी बूट

मी चौतीस वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो. दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मुलांचे पाय बघायचो आणि ज्याच्या पायात कॅनव्हासचे बूट नसतील त्याला रांगेबाहेर काढायचो. एक मुलगा वर्षभर अनवाणीच आला. धावण्यात पहिलाही तोच यायचा. त्याच्याकडे बूट आहेत का, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझी टाच दुखू लागली. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची. पुतण्यानं 'बेअरफूट शूज' आणून दिले. म्हणजे अनवाणी बूट! नाव ऐकून हसलो. पण हातात घेतले तर फडक्यासारखे पिळता येत होते.

नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्याहून बहुधा 10-12 मिलिमीटर उंच असते, तळाला जाड गादी असते आणि पुढचा भाग निमुळता. या बुटात टाच आणि चवडा एका पातळीत, सोल पातळ आणि बोटांना पसरायला ऐसपैस जागा.

आपल्या एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. कमान तोलून धरायला तळव्यात स्नायूंचे थर असतात. गादी आणि आधार सतत मिळाला की या स्नायूंना काम उरत नाही. मंगळूरच्या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण 8.6 टक्के, तर न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के आढळलं. ते वाचताना मला रांगेबाहेरचा तो मुलगा आठवला. पुढे 2021 मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं, की सहा महिने रोजच्या वापरात असे पातळ बूट घातल्यावर पावलांची ताकद सरासरी 57 टक्के वाढली.

मी मात्र उतावळा. पहिल्याच दिवशी मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या, की जिना कठडा धरून उतरावा लागला. हे निभावलं म्हणायचं. कारण घाईघाईनं अशा बुटांकडे वळलेल्या धावपटूंच्या पायांच्या हाडांत सूज आढळल्याचं 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात नोंदलं आहे. मग मी घरातल्या घरात दहा मिनिटांपासून सुरुवात केली. चार महिन्यांनी टाच बरी झाली. पोटऱ्यांचे व्यायामही चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय बुटांना देत नाही.

माझं बघून थोरले बंधू, आमचे अण्णा, म्हणाले, "मलाही असलेच आण." अण्णांना वीस वर्षं मधुमेह. त्या आठवड्यात ते सकाळी हिरवळीवर अनवाणी फिरून आले होते. संध्याकाळी वहिनींना त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा दिसला. अण्णांना दिवसभर पत्ताच नव्हता! डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहिला. अण्णांना चार ठिकाणी स्पर्श कळला नाही. अशा पायाची जखम चिघळली तर पाय गमवायची वेळ येते. त्यांना आतून मऊ, नीट मापाची आणि पाय झाकणारीच पादत्राणं हवीत, घरातसुद्धा.

इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 मध्ये रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला आणि 1964 मध्ये टोकियोला बूट घालून. तेव्हा बूट वाईट की अनवाणी वाईट, हा वाद नको. तळव्याला खडा टोचलेला कळतो का, हे आधी बघा. कळत असेल तर बोटांना मोकळी जागा द्या आणि पातळ सोलची सवय हळूहळू लावा. मधुमेह असेल तर पाय तपासून घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

अण्णांचे तळवे आता वहिनी रोज रात्री दिव्याखाली बघतात. त्या गावाला गेल्या, की मी बघतो. पाय बघायची सवय मला जुनीच आहे. आता निदान कारण तरी बरं आहे.