जुळणी करणारी अदृश्य प्रथिने



श्वासातील ऑक्सिजनचे पेशीत पाणी करणारे विकर, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज, हे अनेक प्रथिनांचे जुळवलेले यंत्र आहे. त्यांतील ३ प्रथिने तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांवरून, तर उरलेली केंद्रकातील जनुकांवरून घडतात. त्यांची जुळणी करणारी साहाय्यक प्रथिने काम संपताच बाजूला होतात. ‘सर्फ-१’ हे त्यांपैकीच एक. ते नसेल, तर सुटे भाग निर्दोष असूनही जुळणी अडते, ऊर्जा अपुरी पडते आणि बालकाच्या मेंदूला इजा होते. डेनिस ली यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या विकाराचे हे एक कारण १९९८ मध्ये उलगडले. यात आईवडील सहसा निरोगी वाहक असतात. दोष कोणाच्याही वागणुकीचा नसतो. विकार बरा करणारा उपचार अद्याप नाही. मात्र कारण कळल्यास पुढील अपत्याआधी जनुकीय सल्ला घेता येतो.